गळ्याला हात लावून पाहा



मी डॉक्टर आहे, भाषणाची सवय नाही. म्हणून थेट विषयाला हात घालते.

दवाखान्यात बाई येते, स्टुलावर बसते. कुठे दुखतं विचारलं तर म्हणते, दुखत नाही. मग दोन बोटं गळ्याच्या खळगीवर ठेवते आणि सांगते, "इथे काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय." कुणी म्हणते गोळा आहे, कुणी म्हणते गळा आवळल्यासारखा होतो, कुणी म्हणते आवंढा खाली जातच नाही. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर पहिला संशय अर्थातच माशाच्या काट्यावर. घरात लगेच भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायला देतात. जाता जाता सांगून ठेवते, हा उपाय करू नका. काटा खरंच असेल तर तो घासाच्या दाबाने आणखी आत रुततो. आणि महिनाभर गळा आवळत असेल, तर ते दुखणं बहुधा काट्याचं नव्हेच.

काट्याचा संशय फिटला की त्या बाईला दोनपैकी एक उत्तर मिळतं. घरचे म्हणतात, "तू फार मनाला लावून घेतेस." शेजारीण म्हणते, "थायरॉइड असेल, माझ्या नणंदेला तसंच होतं." डॉक्टरही पुष्कळदा या दोहोंतलंच एक उत्तर जरा शुद्ध भाषेत देतात. माझी तक्रार उत्तराबद्दल नाही, दोन्ही उत्तरं कधी कधी बरोबर असतात. माझी तक्रार अशी की ही उत्तरं त्या बाईच्या गळ्याला हात न लावताच दिली जातात. आज मला एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याच्याच आधाराला.

"मनाचं आहे" हे उत्तर फार जुनं. ग्रीक वैद्यांची समजूत होती की गर्भाशय बाईच्या शरीरात भटकतं, वर चढतं आणि गळा दाबतं. त्यातूनच पुढे हिस्टेरिया हे नाव रूढ झालं, आणि घशातल्या या गोळ्यालाही युरोपातले डॉक्टर शतकानुशतकं हिस्टेरियाचा गोळा म्हणत राहिले. पुरुषांनाही हा त्रास होतो, हे त्यांना दिसत असणारच. पण नाव बाईच्याच माथी बसलं.

आज या तक्रारीबद्दल जे ठाऊक आहे, ते साधं आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंची एक कडी असते. ती आवळलेली राहिली, किंवा पोटातलं आम्ल वर येऊन तिथला भाग चिडला, की घशात गोळा असल्याचा भास होतो. भास म्हणते, पण संवेदना खरी असते, ती बाई नाटक करत नसते. यातली मोठी खूण लक्षात ठेवा. थुंकी गिळताना गोळा जाणवतो आणि जेवताना नाहीसा होतो, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. बाई दिवसभर कोरडा आवंढा गिळून पाहत राहते, गोळा गेला का म्हणून, आणि त्या गिळण्यानेच गळा आणखी आवळतो. चिंता असेल तर हे चक्र जोरात फिरतं. म्हणून मनाचा वाटा नाकारू नये. पण मनाचं नाव घेऊन तपासणी टाळूही नये.

आम्लाचा भाग आपल्याकडे जास्त बघायला हवा. भल्या पहाटे भाजी, पानं, मासळी घेऊन लोकलने विरार-दादरकडे जाणारी बाई बिनदुधाच्या चहावर निघते, दिवसभर चहावरच काढते, रात्री सगळ्यांची पानं झाली की शेवटी जेवते आणि ओटा आवरून लगेच आडवी होते. तिचं पोट भरलेलं असताना तिची पाठ जमिनीला टेकते. आम्ल वर येणार नाही तर काय होईल? अशा बाईला थायरॉइडची तपासणी लिहून देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, तर कितीतरी गळे सुटतात. पण हे एकट्या तिला सांगून भागत नाही. घरात ती शेवटी का जेवते, हा प्रश्न इथे समोर बसलेल्या पुरुषांसाठी आहे.

आता दुसऱ्या बाजूची खूण. थुंकी जाते पण घास अडतो. आधी भाकरी अडायची, मग भात, आता पेजही जड जाते. गिळताना दुखतं, वजन उतरतंय, आवाज बसून तीन आठवडे होऊन गेले. हा भास नव्हे. इथे दुर्बीण घालून घसा आणि अन्ननलिका पाहायलाच हवी. मिशरी लावणाऱ्या, तंबाखूचं पान खाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर एक दिवसही दवडू नये. मिशरी म्हणजे दात घासायची पूड नव्हे, ती भाजलेली तंबाखू आहे. ज्या बायकांच्या अंगात वर्षानुवर्षं रक्त कमी, त्यांच्या अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी कधी कधी पातळ पडदा धरतो आणि घास अडतो. लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळदा हे सुधारतं, पण लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या जागी पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणजे पाहा, गळ्याच्या एका तक्रारीत पोट आलं, मन आलं, तंबाखू आली, पंडुरोग आला, आणि थायरॉइडकडे मी अजून वळलेलेही नाही.

आता तिकडे वळते. ही ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. दोन बाजूंना दोन पाळ्या, मध्ये जोडणारी अरुंद पट्टी, सगळं मिळून वजन १५-२० ग्रॅम. घरी पाहायची रीत सांगते. उजेडाकडे तोंड करून आरशासमोर उभं राहा. हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमणी ते छातीचं हाड एवढ्याच भागाकडे बघा. थायरॉइड श्वासनलिकेला बांधलेली असल्यामुळे गिळताना वर सरकते. एखादा उंचवटा घोटाबरोबर वर जाऊन खाली येत असेल, तर तो बहुधा थायरॉइडचा. गळ्याच्या बाजूच्या लसिकागाठी तशा सरकत नाहीत, त्यांची कारणं वेगळी, त्यांत क्षयरोगही आला. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मात्र आरशात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बोटांना जे कळतं ते आरशाला कळत नाही. डॉक्टरला पाठीमागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपावा लागतो.

ग्रंथी बरीच वाढली, म्हणजे गलगंड झाला, की मग ती खरोखर दाबते. उताणं झोपल्यावर जीव घुसमटतो, कूस बदलल्यावर बरं वाटतं. कधी ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरते आणि बाहेरून फारशी दिसतच नाही. अशी बाई दोन्ही हात वर करून दोरीवर कपडे वाळत घालायला लागली की तिचा चेहरा लालबुंद होतो आणि गळ्याशी फास बसल्यासारखं वाटतं. हात खाली आणले की मोकळं. हे चिन्ह पेंबर्टन नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली नोंदवलं. त्यांच्यासमोर दोरी नव्हती, त्यांनी रुग्णाला नुसते हात वर करायला लावले. पण आपल्या बायका ही परीक्षा रोज अंगणात देतात, फक्त कुणी विचारत नाही.

गलगंड म्हटलं की आयोडीन आलं, आणि आयोडीन म्हटलं की या माकुणसार गावात हमखास ऐकू येतं, "आम्हांला काय कमी? समुद्र दाराशी, मिठागर शेजारी." मासळीपुरतं हे खरं. समुद्राच्या मासळीत, कोळंबीत आयोडीन असतं. मिठापुरतं मात्र साफ खोटं. हिशेब करून बघा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. किलोभर मिठाला अठ्ठावीस-एकोणतीस लिटर पाणी आटवावं लागतं. त्यातलं सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं, तरी किलोमागे दोन मिलिग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं मीठ धरल्यावर उरलेल्या कडू पाण्याबरोबर जातं. स्वयंपाकघरातल्या मिठात किलोला निदान १५ मिलिग्रॅम हवं. म्हणून मिठागरातलं जाडं मीठ सुक्या मासळीला, लोणच्याला खुशाल वापरा. रोजच्या आमटी-भाजीला पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठच असू द्या, आणि ते चुलीशेजारी उघड्या भांड्यात ठेवू नका. ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं. आता आयोडीनसाठी मीठ जास्त खावं, असा अर्थ कुणी काढू नये. माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, गर्भारपणात २५०. साध्या जेवणातल्या मिठात ती भागते.

या पाकिटामागे मोठा इतिहास आहे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात, जे तेव्हा पंजाबात होतं, सुमारे एक लाख लोकवस्तीचा भाग विभागून काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि एका भागात साधं. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या भागांत शाळकरी मुलांमधले गलगंड झपाट्याने घटले. त्याच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००० साली केंद्राने खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची बंदी उठवली होती, ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. या बंदीच्या वादात लहान मिठागरवाल्यांचं म्हणणं अगदीच गैरलागू नव्हतं. आयोडीन फवारायची यंत्रं मोठ्यांनाच परवडतात. पण आईच्या पोटातल्या मुलाच्या मेंदूला आयोडीन लागतं, आणि त्यापुढे माझ्या मते हा वाद टिकत नाही.

एवढं आयोडीन पोटात जाऊनही थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका घरोघरी का दिसतात? कारण आजार बदलला. १९१२ साली जपानमधल्या हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यविशारदाने चार रुग्णांच्या गाठींचं वर्णन छापलं. चौघीही स्त्रिया. त्यांच्या ग्रंथीत रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी ठाण मांडलं होतं. शरीराचं संरक्षक दल स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं, हे कळायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या मुलखात थायरॉइड मंदावण्याचं मुख्य कारण आज हेच आहे. २०१३ साली आठ भारतीय शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि गोवाही होते. मंद थायरॉइडचं प्रमाण शेकडा ११ च्या आसपास निघालं. स्त्रियांत सुमारे १६, पुरुषांत ५. किनाऱ्यावरच्या शहरांत आतल्या शहरांपेक्षा थोडं कमी, पण थोडंच.

इथे तारापूरचा विषय काढायलाच हवा, नाहीतर तुम्ही प्रश्नोत्तरांत काढाल. अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, आणि "आमच्याकडे थायरॉइड वाढलं ते त्यामुळेच" हे वाक्य बोईसरपासून सफाळ्यापर्यंत ऐकू येतं. भीतीला आधार आहे. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलं, गवतावर बसलं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं, आणि पुढच्या वर्षांत हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. तो अपघात होता, ती मुलं होती, आणि रोग कर्करोग होता. चाळिशीतल्या बाईची ग्रंथी मंदावणं ही वेगळी गोष्ट. आत्ता सांगितलेल्या अभ्यासात सर्वांत जास्त प्रमाण कोलकात्यात आढळलं, आणि कोलकात्याच्या शेजारी अणुवीज केंद्र नाही. हवापाण्याच्या तपासणीचे आकडे मागणं हा तुमचा हक्क आहे. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दलची या भागाची तक्रार तर जुनी आणि रास्त आहे. पण सगळं खापर तारापूरवर फोडलं की गोळी नीट घेण्याची जबाबदारी आपोआप सुटते, आणि ते मला खटकतं.

पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीबद्दलही गैरसमज आहे. अपघाताच्या वेळी प्रशासनाने सांगितल्यावरच ती घ्यायची असते. ग्रंथी साध्या आयोडीनने भरून ठेवली की किरणोत्सारी आयोडीनला आत जागा मिळत नाही, एवढंच तिचं काम. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा भाग आपत्कालीन नियोजनात धरला जातो, माकुणसार त्याच्या दक्षिणेला, बाहेर आहे. रोजच्या थायरॉइडवर ही गोळी औषध नाही, उलट ती बिघाड करू शकते. आणि ज्याचं नाव काढताच लोक घाबरतात, ते किरणोत्सारी आयोडीन-१३१ अणुभट्टीत मुद्दाम तयार करून परळच्या विकिरण चिकित्सा केंद्रात १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांना औषध म्हणून दिलं जातं. तिथे मुलाबाळांपासून काही दिवस वेगळं राहावं लागतं, म्हणून बायका धास्तावतात. धास्तावू नका. चार दिवसांच्या त्या एकांताने अनेकींना पुढचं आयुष्य मिळालं आहे.

आता थायरॉइडच्या रोजच्या गोळीकडे. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी थायरॉइड पार थांबलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्यात आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. आज तेच काम डाळीच्या दाण्याएवढी थायरॉक्सिनची गोळी करते, तीही स्वस्तात. आणि आपण ती चहाबरोबर घेतो! चहा-कॉफीने, दुधाने, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळीने तिचं शोषण बिघडतं. आपल्याकडे हे फार होतं, कारण त्याच बाईला आरोग्य केंद्रातून लोहाची लाल गोळीही मिळालेली असते, आणि ती शिस्तीची बाई दोन्ही एका घोटात घेते. मग रक्ततपासणीतलं टीएसएच उतरत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतो. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आधी नाही.

टीएसएच म्हणजे काय, तेही एकदा नीट ऐका. मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी मुकादमासारखी आहे. थायरॉइडचं काम मंदावलं की मुकादमाचा आवाज, म्हणजे टीएसएच, चढतो. म्हणून थायरॉइड कमी तेव्हा टीएसएच जास्त. "माझं थायरॉइड वाढलंय" असं नुसतं सांगू नका, कारण त्याचे दोन उलटे अर्थ होतात. कागद सोबत आणा. मंद थायरॉइडने आवाज जाड होतो, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाळीचं रक्त जास्त जाणं, अंगात जडपणा येतो. जलद थायरॉइडने धडधड, हातांना कंप, घाम, खाऊनही वजन उतरणं. वजन मात्र मंद थायरॉइडने दोन-चार किलोच वाढतं. पंधरा किलोंचा हिशेब दुसरीकडे शोधा.

गर्भारपणात घाई आहे. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, ते सर्वस्वी आईच्या हार्मोनवर वाढतं. जिला आधीच गोळी चालू आहे तिने पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरला भेटावं, मात्रा बहुधा वाढवावी लागते. बंद तर मुळीच करू नये. "पोटात बाळ आहे, गोळ्या कशाला" असं सांगणाऱ्या सासवा आज सभागृहात असतील, त्यांनी मला नंतर भेटावं. बाळंतपणानंतर वर्षभरात काहींची ग्रंथी सुजते, आधी धडधड, मग गळाठा. घरचे त्याला बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणतात आणि डिंकाचे लाडू देतात. लाडू द्या, पण टीएसएचही करा.

आणि तरीही मी सरसकट सगळ्यांच्या गळ्याची सोनोग्राफी करा म्हणणार नाही. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासणीच्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफी सर्रास जोडली गेली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं, त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडल्या आणि हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. पालघर-बोईसरच्या भिंतींवर "फुल बॉडी चेकअप"चे फलक दिसतात, तेव्हा मला कोरिया आठवतो. आधी हात, मग रक्त, आणि हाताला गाठ लागली किंवा दाबाची लक्षणं असली तर सोनोग्राफी. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो आणि धसका घरी येतो.

म्हणून डॉक्टरसमोर बसाल तेव्हा संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, माझ्या गळ्याला हात लावून बघा." स्कार्फ, पदर, मंगळसूत्र बाजूला करा. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत कुणाला तरी न्या, पण तपासून घ्या. आणि घरातल्या ज्या बाईचा घास अडतोय, आवाज तीन आठवडे बसलाय, गळ्यात गाठ दिसतेय किंवा उताणं झोपवत नाही, तिला भाताची कापणी उरकेपर्यंत किंवा घरातलं लग्न पार पडेपर्यंत थांबवून ठेवू नका. याच आठवड्यात दाखवा.